पाणी हिरवं झालंय, सगळं काढून टाकू का? आणि तळ्याचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात घरामागच्या छोट्या तळ्याबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, खोदा, कागद (म्हणजे पाणी जमिनीत मुरू नये म्हणून अंथरायचं प्लास्टिक किंवा रबर) अंथरा, पाणी भरा आणि वाट बघा, एवढंच, आणि त्यावर इतके प्रश्न आले की बाकीची बाग या वेळी बाजूलाच ठेवलीय. पत्रं वाचताना एक गंमत दिसली. खोदणं, कागद, पाणी हे सगळ्यांनी मन लावून केलंय, पण 'वाट बघा' हे शेवटचे दोन शब्द बहुतेक छपाईत पुसट आले असावेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, आणि कुणाला रागावल्यासारखं वाटलं तर वाटू दे, मी स्वतः यातल्या निम्म्या चुका केलेल्या आहेत.

प्र. ताई, आमच्या मागच्या अंगणात एक कोपरा आहे, मोठं झाड आहे, छान सावली असते आणि पाऊस पडला की तिथे आपोआप पाणी साचतं. निसर्गानेच जागा दाखवलीय असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं आहे. तिथेच खोदू ना?

नको. सगळ्यात वाईट जागा तीच असते आणि सगळ्यांना आधी तीच सापडते. जिथे पाणी आपोआप वाहत येतं तिथे त्या पाण्याबरोबर माती येते, हिरवळीवर टाकलेलं खत येतं, कुंड्यांमधलं औषध येतं आणि हे सगळं तुमच्या तळ्यात जाऊन बसतं. दुसरं म्हणजे अशा जागी मोठ्या पावसात जमिनीखालचं पाणी वर येतं आणि ते कागदाच्या खाली शिरलं की कागद खालून फुगतो, तळ्याच्या मधोमध म्हैस पाठ काढून बसल्यासारखं दिसतं, आणि ती म्हैस उठवायची म्हणजे पुन्हा सगळं उपसणं आलं.

झाडाचं म्हणाल तर पानं पडणार, बुडणार, कुजणार, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाणार. मुळ्यांचा त्रास वेगळाच. आसपास बांबू असेल तर लांबच राहा, त्याचे कोंब कागद फोडून वर येतात.

मग कुठे? दिवसातून पाच-सहा तास ऊन लागेल अशी जागा, थोडी उंचावर किंवा निदान सपाट, पाण्याचा नळ आणि विजेचा पॉइंट फार लांब नाही, आणि जमिनीखालून पाइप, केबल गेलेली नाही. ही शेवटची खात्री कुदळ मारायच्या आधी करायची, नंतर नाही. आणि हो, ही माझी हौस समजा, पण तुम्ही रोज जिथे बसता त्या खिडकीतून ते दिसायला हवं. तळं म्हणजे रोज बघायची गोष्ट आहे, लांब कोपऱ्यात गेलं की आधी बघणं सुटतं, मग साफसफाई सुटते. पाण्याचा जुना पाइप घ्या, जमिनीवर तळ्याच्या आकाराचा टाकून ठेवा आणि आठवडाभर तसाच राहू द्या. येताजाता पायात आला तर जागा चुकली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावली कुठे जाते ते बघा. आठवडा फुकट गेला असं वाटेल, पण मी तरी पाइप हलवला नाही असा एकही माणूस पाहिलेला नाही.

प्र. १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट खोल असं ठरवलंय. कागद किती लागेल? आणि खोली पुरेल का?

गणित सोपं आहे. लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक कडेला दाबायला दोन्हीकडे एकेक फूट. म्हणजे १० अधिक ४ अधिक २, झाले १६. रुंदीचंही तसंच, ६ अधिक ४ अधिक २, झाले १२. १६ बाय १२ चा सलग तुकडा घ्या, जोड नको. आतल्या पायऱ्यांसाठी वेगळं मोजायची गरज नाही, खोली सगळ्यात जास्त जिथे आहे ती धरली की त्यात ते आलं.

कागद कुठला, तर ईपीडीएम रबर मिळत असेल तर एक मिलिमीटर जाडीचं घ्या, ते मऊ असतं, वळणं नीट घेतं आणि उन्हात लवकर तडकत नाही. शेततळ्याला वापरतात तो एचडीपीई प्लास्टिकचा कागदही चालतो, ५०० मायक्रॉनचा, पण तो ताठ असतो, लहान गोलाकार तळ्यात त्याच्या घड्या काही केल्या बसत नाहीत. साधी निळी ताडपत्री मात्र नको. खाली जाड फेल्ट किंवा जुनं कार्पेट हवंच, आणि त्याआधी खड्ड्यात हात फिरवून खडे आणि मुळांची टोकं वेचायची, अक्षरशः तळहात फिरवून, कारण डोळ्यांना न दिसणारा खडा तळहाताला लागतो.

खोलीबद्दल: गोल्डफिश आणि वनस्पती ठेवायच्या असतील तर दोन फूट ठीक, जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे किमान अडीच करा. कोई, म्हणजे ते रंगीत जपानी शोभेचे मासे, ठेवायचे असतील तर चार फूट, आणि मग हे तळंच लहान पडेल, कोई दोन फुटांपर्यंत वाढतात, ते पिशवीतले बोटभर लांबीचे मासे बघून फसू नका. कडेने एक फूट रुंद आणि नऊ ते बारा इंच खोल अशी पायरी सोडा, कुंड्या तिथे बसतात. आणि एक बाजू उतरती ठेवा, बेडूक, पाणी प्यायला आलेली चिमणी, पाय घसरून पडलेली खार, सगळ्यांना बाहेर यायला वाट हवी.

आता या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं, जे कुणी विचारलंच नाही. कड एका लेव्हलला आहे का? मी पहिलं तळं केलं तेव्हा नजरेने केलं, माझी नजर फार चांगली आहे असा माझा समज होता, पाणी भरलं आणि दिसलं की एक बाजू दोन इंच खाली आहे. पाणी तिथून सांडायला लागलं म्हणून पातळी खाली ठेवावी लागली, आणि समोरच्या बाजूला कागदाची काळी पट्टी कायमची उघडी. सहा वर्षं ती पट्टी बघत चहा प्यायले. त्यामुळे गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, एक टोक एका खुंटीला धरा, दुसरं टोक घेऊन सगळ्या कडेने फिरा, प्रत्येक तीन-चार फुटांवर खुंटी ठोका आणि नळीतलं पाणी जिथे थांबेल तिथे खूण करा. दोन माणसं, एक तास. हे कागद अंथरायच्या आधी. सगळी कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच वर घेतली की पावसाचं वाहतं पाणी आत येत नाही.

कागद तासभर उन्हात पसरून ठेवा, मऊ पडतो, मग सैल सोडा, ताणू नका, पाणी भरत जाईल तसा तो स्वतःच खाली बसतो, तुम्ही फक्त घड्या एका बाजूला ओढत राहायच्या. कडेचा जास्तीचा भाग तळं पूर्ण भरल्यावर दुसऱ्या दिवशीच कापायचा. आधी कापलेल्यांची पत्रं माझ्याकडे आहेत, त्यात प्रश्न नाहीत, नुसती हळहळ आहे.

प्र. आम्ही सिमेंटचंच करून घेतलं. झालं ते झालं. आता मासे कधी सोडू?

सिमेंटही छान टिकतं, त्यात वाईट काही नाही, फक्त नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच १० च्या वर जाऊ शकतो, त्यात मासा जगत नाही. भरा, आठवडाभर ठेवा, काढा, पुन्हा भरा, असं निदान तीन वेळा करा आणि पीएच साडेआठच्या खाली येऊन तिथेच टिकतोय ना ते तपासा. पुढचं सगळं इतरांसारखंच, खालचं उत्तर वाचा.

प्र. ताई, फार वाईट झालं. तळं भरलं त्याच संध्याकाळी मुलांनी हट्ट केला म्हणून बारा गोल्डफिश आणून सोडले. पहिले दोन दिवस मस्त होते, चौथ्या दिवशी दोन गेले, आठवड्यात सगळे. पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं! विकणाऱ्याने आजारी मासे दिले का?

शक्यता कमी. पाणी काचेसारखं होतं हाच तर घोटाळा आहे. नवं पाणी दिसायला स्वच्छ असतं पण त्यात अजून कुणी राहत नसतं, म्हणजे मासे सोडून कुणीच.

काय होतं ते सांगते. मासा श्वास घेतो तेव्हा कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतो, उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच. तो विषारी, पाणी जितकं गरम आणि पीएच जितका जास्त तितका जास्त विषारी. जुन्या तळ्यात दगडांवर, कागदावर, फिल्टरच्या स्पंजवर बॅक्टेरियाचा एक बुळबुळीत थर असतो, त्यातले एका प्रकारचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि वनस्पतींचं खाद्य. ही माणसं, माणसंच म्हणते मी त्यांना, कुठून विकत आणावी लागत नाहीत, ती हवेतून, मातीतून, झाडांच्या मुळांबरोबर येतात, पण त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही बारा पाहुणे आधी बोलावले आणि घरात मोरीच नव्हती.

शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन. ते उघड्या पाण्यातून एक-दोन दिवसांत उडून जातं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते असं उडत नाही, त्यासाठी माशांच्या दुकानात मिळतं ते क्लोरीन मारायचं औषध टाकावं लागतं. तुमच्याकडे कुठलं येतं ते पाणीपुरवठा खात्याला विचारून घ्या.

आता पुढच्या वेळी असं करा. पाणी भरा, वनस्पती लावा, पंप चालू ठेवा आणि दोन आठवडे काहीच सोडू नका. मग दोन मासे, लहान. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होईल. खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच, आणि ते मागत आले तरी नाही, मासे नेहमीच मागत येतात. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट मिळतं, आठवड्यातून दोनदा बघा, दोन्ही आधी वाढतील, मग उतरतील. वाढलेले दिसले की पाव भाग पाणी बदला, तेही क्लोरीन काढलेलं, आणि खाणं एक-दोन दिवस बंद. दोन्ही शून्यावर आले आणि आठवडाभर शून्यावरच राहिले की पुढचे दोन आणा.

आणि एकूण किती? ढोबळ हिशेब असा की तळ्याच्या एक चौरस फूट पृष्ठभागामागे एक इंच मासा, आणि तो मोठा झाल्यावरचा इंच, आजचा नाही. गोल्डफिश आठ-दहा इंच सहज होतो. म्हणजे १० बाय ६ च्या तळ्यात सहा-सात, बस. मुलांना सांगा की गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो, कॉलेजात जातील तेव्हाही तोच असेल, मग एक महिना थांबायला काय हरकत आहे.

प्र. बारा दिवसांत पाणी हिरवंगार झालं. मागच्या आठवड्यात सगळं उपसून, घासून, पुन्हा भरलं. आज परत हिरवं व्हायला लागलंय. परत काढू का?

हा प्रश्न अकरा जणांचा आहे, अकरा. आणि अकरा जणांनाही एकच उत्तर: नाही, नाही, हात लावू नका.

हिरवं झालंय ते एकपेशीय शेवाळामुळे. नव्या तळ्यात ऊन भरपूर आहे, नळाच्या पाण्यात आणि मातीत थोडंफार खाद्य आहे, आणि ते खायला दुसरं कुणी नाही, लिलीला अजून चार पानं आहेत, मग शेवाळ पहिलं येणारच. नवीन जमिनीवर आधी तण उगवतं तसं. तुम्ही उपसून पुन्हा भरलंत म्हणजे काय केलंत, तर शेवाळाचं ताट पुन्हा वाढलं, आणि घासताना तो बुळबुळीत थर, ज्याच्याबद्दल वर एवढं पुराण लावलं, तो धुऊन काढलात. म्हणजे चौथ्या आठवड्यावरून पुन्हा पहिल्या दिवसावर.

करायचं ते हे. पाण्याचा अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग पानांनी झाकला जाईल इतक्या वनस्पती लावा, उन्हाला आत जायला जागा कमी उरली आणि खाद्यही वनस्पतींनी ओढलं की शेवाळ उपाशी पडतं. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती, हायड्रिला किंवा व्हॅलिसनेरिया, त्यांच्या जुड्या टाका. माशांचं खाणं कमी करा. नळाचं पाणी सारखं बदलू नका. आणि थांबा. पांढरी बशी दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि किती खोलवर दिसते ते दर रविवारी लिहून ठेवा, नाहीतर रोज बघताना काहीच बदलत नाही असं वाटतं. एका वाचकाने असंच केलं, पहिल्या रविवारी बशी पाच इंचांवर गायब, तिसऱ्याला सात, पाचव्या रविवारी अकरा, आणि सहाव्या आठवड्यात एके सकाळी तळाशी ठेवलेली वीटच दिसली. औषध काही नाही.

फारच घाई असेल तर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा बसवलेला फिल्टर मिळतो, हिरव्या पाण्यावर तो चालतो, त्यात शेवाळाच्या पेशी मरून गुठळ्या होतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. पण केसासारखं लांब धाग्यांचं शेवाळ असेल तर त्याला हा दिवा काही करत नाही, कारण ते पंपातून दिव्यापर्यंत जातच नाही. ते काठीला लोकर गुंडाळावी तसं गुंडाळून ओढून काढायचं, हात थोडे घाण होतात, पण शांत वाटतं. शेवाळ मारायची औषधं मी वापरत नाही, एकदम सगळं शेवाळ मेलं की ते कुजतं, ऑक्सिजन जातो आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात.

प्र. शेजारच्यांनी स्पष्ट सांगितलंय की तळं केलं तर डास होतील आणि ते तक्रार करतील. त्यांना काय सांगू?

त्यांचं चूक नाही, तुमच्या तळ्याचं काय होईल ते तुमच्यावर आहे. गरम हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, आणि त्यासाठी साचलेलं, न हलणारं, मासे नसलेलं पाणी लागतं. अळी श्वास घ्यायला पृष्ठभागावर येऊन नळी बाहेर काढते, पाणी हलतं असलं की तिला ते जमत नाही, आणि जी टिकते तिला मासे खातात. गप्पी मासे त्यात पटाईत. फक्त गप्पी जास्त झाले म्हणून नदी-ओढ्यात सोडून येऊ नका, तिथल्या मूळच्या माशांच्या पोटावर पाय येतो. मासे ठेवायचेच नसतील तर बीटीआय नावाचा बॅक्टेरिया मिळतो, १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात तो सापडला, डासांच्या अळ्या मारतो आणि मासे-बेडकांना काही करत नाही. पाकिटावर लिहिलंय तितक्या दिवसांनी पुन्हा टाकायचा. खरं तर डेंग्यूचा एडिस डास तळ्यापेक्षा कुंडीखालच्या बशीत, टायरमध्ये, टाकीच्या झाकणावर जास्त खूष असतो. तक्रारीआधी त्या बशा तुमच्याकडच्या रिकाम्या करा, मग शेजाऱ्यांकडच्याही बघा, गोड बोलून.

शेजाऱ्यांवरून आठवलं. चित्रकार क्लोद मोने यांनी फ्रान्समध्ये जिव्हेर्नीला १८९३ मध्ये तळ्यासाठी जागा घेतली आणि ओढ्याचं पाणी वळवायची परवानगी मागितली, तेव्हा गावातले लोक विरोधात गेले होते, या माणसाच्या परदेशी वनस्पती आपलं पाणी विषारी करतील म्हणून. पुढे त्याच तळ्यातल्या कुमुदांची, म्हणजे वॉटर लिलींची, त्यांनी सुमारे २५० चित्रं काढली. तळ्यासाठी त्यांनी एक माळी ठेवला होता, लिलीची पानं साफ ठेवणं हे त्याचं काम. तुम्हाला माळी नको, पण शेजाऱ्यांना संध्याकाळी तळ्याकाठी खुर्ची टाकून बसवा एकदा, पत्रापेक्षा त्याचा उपयोग होतो.

प्र. मधोमध कारंजं आणि त्याच्याभोवती वॉटर लिली अशी रचना केलीय. पानं पिवळी पडतात, फूल एकही नाही. कोकोपीट आणि गांडूळखत घालून मिश्रण केलं होतं, तेही वर तरंगतंय.

दोन्हीतलं एक काहीतरी ठेवा, कारंजं किंवा लिली. लिलीला शांत पाणी लागतं, पानांवर सारखे शिंतोडे पडलेले तिला अजिबात खपत नाहीत. कारंजं एका टोकाला न्या किंवा पाणी उंच न उडवता दगडावरून हळू सोडा.

आणि ते मिश्रण फेका, म्हणजे कुंड्यांमध्ये वापरा, पाण्यात नको. कोकोपीट तरंगणारच, आणि गांडूळखत विरघळून शेवाळाला जेवण. लिलीला नुसती जड चिकणमाती लागते, बाकी काही नाही. रुंद टोपलीत माती, त्यात कंद तिरका, वाढीचा कोंब मातीच्या वर उघडा, वरून एक इंच बारीक खडी म्हणजे मासे माती उकरत नाहीत. सुरुवातीला कुंडी विटांवर ठेवा, कोंबावर सहाएक इंच पाणी, पानं वर आली की एकेक वीट काढत खाली न्या. खत म्हणजे गोळी मातीत खोल खुपसायची. सगळं करूनही फूल नाही तर ऊन मोजा, पाच तासांच्या खाली असेल तर फूल विसरा.

काही जणांनी लिलीलाच कमळ म्हटलंय. लिलीचं पान पाण्यावर पडून असतं आणि त्याला एक खाच असते, कमळाचं गोल, बिनखाचेचं आणि देठावर पाण्याच्या वर उभं राहतं, त्यावर पाण्याचा थेंब अळवावरच्या पाण्यासारखा पळतो. कमळाला मोठं पसरट भांडं द्या, तळाला भोक नसलेलं, नाहीतर कंद भोकातून बाहेर पडून तळंभर फिरतो. बी पेरायचं असेल तर कवच पॉलिश पेपरवर घासा, आतला फिका रंग दिसेपर्यंत, मग पाण्यात टाका. घासल्याशिवाय ते हलत नाही, इतकं घट्ट असतं की चीनच्या ईशान्य भागात सुकलेल्या तळ्याच्या तळात सापडलेलं, सुमारे १३०० वर्षं जुनं बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलंय.

प्र. रोज पाणी कमी होतंय. गळती आहे की वाफ होऊन जातंय हे कसं कळणार? कागद फाटला असेल या विचाराने झोप येत नाही.

बादली घ्या. तळ्याच्या पायरीवर ठेवा, आत दगड टाका म्हणजे तरंगणार नाही, बाहेर तळ्याचं पाणी जिथवर आहे तितकंच पाणी बादलीत भरा आणि आतून-बाहेरून खडूने नाही, मार्करने खूण करा. पंप बंद करून एक दिवस थांबा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर वाफ, निवांत झोपा, गरम वाऱ्याच्या दिवसात पाव इंच रोज हे काहीच नाही. बाहेरचं जास्त उतरलं तर गळती. आता पंप बंद असताना उतरलं नाही आणि चालू केल्यावर उतरतंय, तर कागद ठीक आहे, धबधब्याच्या कडेने किंवा पाइपच्या जोडातून पाणी जातंय, बहुतेक वेळा हेच निघतं. आणि पंप बंद असूनही उतरतंय तर उतरू द्या, मासे टबात हलवा, पाणी जिथे येऊन थांबेल त्याच रेषेवर कुठेतरी भोक आहे, तेवढी एकच रेषा बोटाने चाचपायची. ठिगळ मिळतं.

प्र. घरात दीड वर्षाचं मूल आहे. जाळी टाकली तर पुरेल?

नायलॉनची पानं अडवायची जाळी असेल तर नाही, उलट त्यात अडकायची भीती जास्त. लहान मूल दोन-चार इंच पाण्यातही बुडू शकतं आणि आवाज होत नाही, ओरडणं-हातपाय मारणं हे आपण समजतो तसं काही होत नाही. माणसाचं वजन पेलेल अशी लोखंडी जाळी कडेला पक्की बसवा, किंवा आपोआप बंद होणारं फाटक असलेलं कुंपण. खरं सांगू? मूल पाच वर्षांचं होईपर्यंत तळं नकोच. दगडातून उसळणारं पाणी खडीखालच्या झाकलेल्या टाकीत पडतं असं करता येतं, वर उघडं पाणी नाहीच, आवाज मिळतो. टाकी नंतर तळ्याच्या फिल्टरला वापरा.

विजेचंही इथेच सांगते. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन लगेच तोडणारा स्विच, हवाच, आणि पाण्यात हात घालायच्या आधी मेन बंद. इथे चालढकल नाही.

प्र. पंप रात्री बंद ठेवला तर चालेल ना? झाडं ऑक्सिजन देतातच.

दिवसा देतात, रात्री तीही घेतात. तळ्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे, त्यात पाणी गरम असेल तर आणखी कमी, २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम राहतो तर ३० अंशाला साडेसात. बंद ठेवायचाच तर दुपारी ठेवा. पंप घेताना सगळं पाणी दोन तासांत एकदा फिरेल इतका घ्या. १० बाय ६ बाय २ म्हणजे १२० घनफूट, एका घनफुटात २८ लिटर, झाले ३,३६०, पण पायऱ्या आणि उतार वजा जाता अडीच हजार धरा, म्हणजे तासाला साडेबाराशे लिटर. डब्यावरचा आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो, तीन फूट वर चढवणार असाल तर त्या उंचीला किती देतो ते बघून घ्या.

प्र. जलपर्णी फुकट मिळाली, फुलं सुंदर आहेत. टाकू?

मी तरी टाकणार नाही. दक्षिण अमेरिकेतली ती वनस्पती, गरम हवेत एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि जास्तीची कुठेतरी पाण्यात फेकली जातेच. बऱ्याच ठिकाणी ठेवायलाच बंदी आहे. टाकलीच असेल तर जास्तीची वाळवून कंपोस्टमध्ये.

प्र. ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं, सात आठवडे काहीही केलं नाही. पाणी निवळलं. पण तळाला काळसर गाळ दिसतोय, आणि काल रात्रीपासून एक बेडूक येऊन बसलाय. आम्ही आणला नव्हता! गाळ काढू का आणि त्याला हाकलू का?

दोन्ही नको. गाळ इंचभर असेल तर राहू द्या, त्यातच सगळी वस्ती आहे, दोन-तीन इंचांवर गेला की जाळीने थोडा काढा, अर्ध्याच भागातला, उरलेला दोन महिन्यांनी. आणि बेडूक कुणी आणत नसतं, त्याला पाण्याचा पत्ता कळतो. आता चतुर येतील, पाण्यावर शेपटी टेकवून अंडी घालतील, त्यांची पिल्लं डासांच्या अळ्या खातात. बगळाही येईल कदाचित, त्याच्यासाठी माशांना लपायला तळाशी एक जाड पाइपचा तुकडा टाकून ठेवा. बेडूक रात्री ओरडेल, पहिले चार-पाच दिवस फार वाटतं, खिडकी लावून घ्या.